कॉलरवरचं नाव

आमची पोस्ट बर्फात होती. रॉकेलच्या बुखारीवर वाळत घातलेला शिपाई तुकारामचा कोट जळाला. नवा येईपर्यंत शिपाई युसूफने एक रीत पाडली. आपली सेंट्री ड्यूटी, म्हणजे पहारा, संपली की स्वतःचा कोट पुढच्या पाळीला आलेल्या तुकारामला चढवायचा आणि नुसत्या स्वेटरवर खाली परतायचं. कॉलरवर शाईने युसूफचं नाव होतं. ही अदलाबदल सगळ्यांना ठाऊक होती. मी त्यांचा सेक्शन कमांडर. मलाही ठाऊक होती.

त्या दिवशी रिलीफ, म्हणजे पहारेबदल, चौदाशे वाजता, दुपारी दोनला होती. पाच मिनिटांनी तोफेचा शेल पडला.

"सेंट्री पॉइंट, रिपोर्ट."

उत्तर नाही.

पॉइंटवर एक देह मिळाला. चेहरा उरला नव्हता, ओळखपट्टीही नाही. दुसरा जवान वाटेसकट दरीत गेला, सापडला नाही. रिलीफला थोडा उशीर रोजचाच, म्हणून मी धरून चाललो की तुकाराम अजून वर चढत असेल. कॉलर वाचली आणि पॉइंटवरचा युसूफ म्हणून सही केली. लष्करी कब्रस्तानात दफन झालं. तुकारामच्या घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला.

निवृत्तीनंतर मुरुडला आलो. रायगडचे कोणते जवान कुठल्या लष्करी कब्रस्तानात आहेत, याची नोंद करायला घेतली. मोठ्या हौसेने घेतली, खोटं कशाला बोलू? युसूफच्या कबरीचा फोटो मीच मागवून त्याच्या बहिणीला नेऊन दिला. मग त्या दिवसाच्या सिग्नल लॉगची, वायरलेसच्या नोंदवहीची, प्रत आली. 'चौदाशे. रिलीफ पूर्ण.' म्हणजे पॉइंटवर तुकाराम होता, युसूफच्या कोटात.

आधी तुकारामच्या भावाला सांगितलं. तो शेतावर निघून गेला. मग एसटीने आगरदांडा गाठलं. युसूफच्या बहिणीने, जुबेदाआपांनी, कबरीचा फोटो भिंतीवर लावला होता. कबरीवर जायला बॅगही भरून ठेवली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"चूक माझी आहे, आपा."

"मंग युसूफ कुठं हाय?"

"दरीत. बर्फाखाली."

"आन् कोट?"

"तुकारामला दिला होता."

"त्याला थंडी सोसायची न्हाय, भाऊ. ल्हानपनी माझी गोधडी ओढायचा."



मग त्या बॅगेकडे वळून म्हणाल्या, "बॅग तशीच ऱ्हाऊ दे, जानार मी. त्या तुकारामकडं तरी कोन गेलंय आजवर?"

दगडावरचं नाव बदलायचा अर्ज मी केला आहे. तिथे शिपाई तुकाराम येईल. युसूफला दगड नाही, म्हणून इथे लिहितो. शिपाई युसूफ, आगरदांडा. चौदाशे वाजता अंगातला कोट उतरवून दिला.