पहिल्याच विचारण्याला हो

"नो सर, थँक यू," दगडू नम्रपणे म्हणाला. साहेबाने मान हलवली आणि दुसऱ्या मुलाला बोलावण्याची खूण केली.

मी हेडमास्तरांच्या दाराशी उभा होतो. इगतपुरीच्या रेल्वे कारखान्यातला हा इंग्रज साहेब अप्रेंटिस, म्हणजे पगारी शिकाऊ कारागीर, निवडायला नाशिकला आमच्या हायस्कुलात आला होता आणि त्याने दगडूला जागा देऊ केली होती. सायखेड्याच्या दगडूला वडील नव्हते. ही जागा गेली, तर तो शाळा सोडून दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकणार होता. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. मलाही एका शिक्षकानेच हात दिला होता.

दगडूला व्हरांड्यात गाठले. "अरे, नाही का म्हणालास?"

"मंग काय गुरुजी, पहिल्याच बोलीला हो म्हनू? लय हपापलेला हाय म्हनंल साहेब. त्यानं आग्रह केला का हो म्हननार व्हतो."

मी वर्गात 'प्लीज' शिकवले होते, 'थँक यू' शिकवले होते. आपल्याकडे पाहुणा आधी नको म्हणतो आणि यजमान तरीही वाढतो. इंग्रजाच्या कानाला नको म्हणजे नकोच. हे आमच्या कुठल्याच पाठात नव्हते.

मी आत गेलो. "मास्तर, साहेबांचा वेळ घेऊ नका," हेडमास्तर कुजबुजले. तरी मी साहेबाला आमचा रिवाज सांगितला.

त्याने गंभीरपणे विचारले, "मग मी किती वेळा विचारायचं?"

"एकदाच, सर. आता तो तुमच्या रीतीने उत्तर देईल."

बाहेर येऊन दगडूला ती रीत सांगितली आणि त्याला पुन्हा आत बोलावले. साहेबाने विचारले. "येस सर, थँक यू," म्हणताना तो इतका लाजला, की जणू चोरी कबूल करतोय. जागा त्याला मिळाली.

मग मी वर्गात सराव सुरू केला. मी इंग्रजीत खोटाखोटा चहा पुढे करायचा, मुलांनी लगेच हो म्हणायचे. पोरे तोंडावर हात धरून हसत.

थोड्याच दिवसांत एका मुलाचे वडील तणतणत आले. "काय हो मास्तर, हे काय शिकवलंत? मावशीनं लाडू पुढं केला, तर पोरानं पहिल्या हाकेलाच उचलला! चारचौघांत आमचं नाक कापलं."

दुसरी भाषा शिकवताना नुसते शब्द देऊन भागत नाही. कोणती रीत कोणाच्या घरात चालते, तेही सांगावे लागते. मी ते सांगतो. लाडवापुढे मात्र मुलांना इंग्रजी रीतच आधी आठवते.