दुसरी चटई

दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, तिकडं औरंगाबादेत कारखाने वाढले, आणि आमची ख्रिस्ती आळी एकेक घर करून शहरात गेली. आम्हीही गेलो. मागं राहिली ती तबीथाबाई साळवे, विधवा, मूलबाळ नसलेली. उपासना चालवणारे पाळकही येईनासे झाले. तरी दर रविवारी ती लिंबाला घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा ठोकायची आणि चर्च उघडून बसायची.

दोघं-तिघं माझ्या नावानं जमतील तिथं मी असेन, हे येशूचं वचन तिनं शब्दाला शब्द धरलं होतं. एकटीनं उपासना केली तर तो यायचा नाही, ही तिची पक्की समजूत. म्हणून ती शेजारच्या द्वारकाबाईला ओढून आणायची. द्वारकाबाई एकादशी करणारी. "बसते मी, पर तुझ्या देवाचं नाव नाय घेणार," असं बजावून चटईवर डुलक्या घ्यायची. तबीथाबाईला तेवढं पुरे होतं.

मग टँकरही येईना, आणि द्वारकाबाईला तिचा मुलगा वाळूजला घेऊन गेला.

पुढच्याच रविवारी मी घरातलं उरलंसुरलं सामान न्यायला गावी गेलो होतो. रूळ वाजला म्हणून चर्चच्या दाराशी गेलो. आत दोन चटया अंथरलेल्या. रिकाम्या चटईकडं बघत तबीथाबाई चिडून म्हणत होती, "दोघं लागतात म्हणतोस. कुठून आणू? आता दुसरा तूच हो."

मग तिनं भजन धरलं. एक ओळ म्हणायची आणि थांबायची, मागून कुणी म्हणेपर्यंत थांबतात तशी.