जुना पावर सप्लाय

जळक्या वायरचा वास आला की सेलूतलं सुनेचं दुकान आठवतं. तिथं ती कंप्युटरवर लोकांचे फॉर्म भरायची. कंप्युटर लय हळू चालायला म्हणून मी तिला नवा प्रोसेसर घेऊन दिला. ती म्हणाली, "मामा, पावर सप्लाय बी बदलावा लागंल. विहिरीवर मोटार मोठी बसवल्यावर जुनी वायर टिकती का?" मला पटलं होतं, पण जन्मभर शेतात मोटारी चालवल्या अन् सून मला मोटार शिकवायली म्हणून मी अडून बसलो. "चालू हाय तो कशाला फेकायचा? पैसे माझे हायेत." तिनं गुमान जुनाच जोडला. बटन दाबताच धूर निघाला. दारात माणसं ताटकळली होती. माझ्याकडं न बघता ती त्यांना म्हणाली, "लाईट गेलीय, उद्या या." डोक्यावर पंखा गरगर फिरतच होता. आता थकलोय, तरी चुकलं माझं, एवढं तिला अजून म्हणालो न्हाई.