दवंडी झाली का?

इतर सासुरवाशिणींचं माहेर म्हणजे एक घर असतं, त्याला दार असतं, सणावाराला तिथून कुणीतरी न्यायला येतं. माझं माहेर चालत यायचं. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, मेंढरं राखायचे. वर्षातले बरेच महिने कळप घेऊन भालकी, औराद, उदगीर या मराठी-कन्नड सीमेवरच्या पट्ट्यात फिरायचे. आई गेल्यावर गावच्या घराला कुलूपच लागलं. मला माहेरी जा म्हटलं असतं तरी मी जाणार कुठं?

पण ज्वारी निघाली की अप्पा आमच्या शिवारात यायचे. खटकचिंचोळीत मी नांदायला आले ते घरही मूळचं आमच्यासारखंच मेंढरामागचं, फक्त आजेसासऱ्यांच्या काळापासून शेतीला लागलेलं. मोकळ्या रानात रात्री कळप बसवला की लेंड्यांचं फुकट खत मिळतं, म्हणून शेतकरी मेंढक्याला बोलावतो आणि बदल्यात धान्य देतो. अप्पा म्हणायचे, लेकीच्या घरचं धान्य घेणार नाही. सासरे म्हणायचे, फुकटचं खत घेणार नाही. दोघांच्या मानापानात ज्वारीचं पोतं बांधावर पडून राहायचं आणि शेवटी मीच ते अप्पांच्या घोड्याच्या पाठीवर चढवायला लावायचे. दरवर्षी चार रात्री कळप आमच्या रानात असायचा. मी सकाळ-संध्याकाळ भाकरी घेऊन जायचे आणि सकाळी चांगलं ऊन वर येईपर्यंत अप्पांपाशी बसायचे. तेवढंच माझं माहेर.

मग आमच्या रानाखालून गॅसचा नळ गेला. कुठून तरी लांबून निघालेला गॅस कुठल्या तरी लांबच्या कारखान्यांना जाणार, एवढंच आम्हाला कळलं. माणूस आत रांगत जाईल एवढा नळ, तो पुरला, वर माती ओढली, आणि जागोजागी पिवळे खांब रोवले. आमच्या बांधाच्या कोपऱ्यावर तारेचं कुंपण घालून मोठमोठे व्हॉल्व्ह बसवले. त्यात एक नळकांडं आभाळाकडं तोंड करून उभं. ते कशाला, हे विचारलं तर कुंपणावरचा पहारेकरी म्हणाला, "आमालाबी सांगत न्हाईत, वैनी."

धाकटे दीर तोवर पुण्याला कंपनीत लागले होते. एकदा फोनवर म्हणाले, "वैनी, आमच्या बिल्डिंगीत आता नळानं गॅस येणार हाय."

मी म्हटलं, "येऊ द्या की. वाटेत माझ्या रानाखालून जायलाय. माझ्या चुलीत तुराट्या हायतच."

नळात गॅस आला की नाही, कधी आला, यावर गावात पैजा लागल्या. आमच्या शेजारणीनं तर जमिनीला नाक लावून पाहिलं. वास नाही म्हणजे गॅस नाही, असा तिनं निकाल दिला. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो आणि या लांबच्या नळातल्या गॅसला तो नसतो, हे आम्हाला फार पुढं कळलं. तोवर गावाचा शेजारणीच्या नाकावर विश्वास.

त्या वर्षी अप्पा नेहमीसारखे आले. कुंपणापासून थोड्या अंतरावर त्यांनी वाघूर लावली, म्हणजे मेंढरांभोवती जाळीचं कुंपण केलं. तिसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला मी चूल पेटवत होते आणि एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज सुरू झाला. ते नळकांडं ओरडत होतं. नळाचा काही भाग दुरुस्तीसाठी रिकामा करायचा, म्हणून आतला गॅस हवेत सोडत होते. मी धावत रानात गेले तर वाघूर जमीनदोस्त आणि मेंढरं चहूकडं उधळलेली. सात कोकरं पायाखाली सापडून मेली होती. गाभण मेंढ्यांतल्या दोघी पुढं दोन दिवसांत गाभडल्या.

अप्पा चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मेलेलं कोकरू मांडीवर घेऊन ते म्हणाले, "आवाज करू नका आसं मी कामून म्हणू? त्यांचं काम हाय. पर आदी सांगावं का न्हाई? होणार आसंल तर सांगावं, होणार नसंल तरी सांगावं. गप बसल्यावर मला काय समजायचं, बाई?"

आणि उठताना म्हणाले, "सांगणारं कुणी न्हाई तवर मी ह्या शिवारात कळप बसवणार न्हाई."

मला ते झोंबलं. नळ माझ्या माहेरावरून गेला होता आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

काही महिन्यांनी कंपनीनं शाळेच्या पटांगणात बैठक घेतली. बायका मागं बसल्या, मीही मागंच. एक तरुण साहेब आला होता, हिंदीत आणि मोडक्या कन्नडमध्ये बोलत होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं कौतुकानं सांगितलं की नळातून किती गॅस जाणार, दुरुस्तीला नळ कधी बंद राहणार, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधी कळवतात. लपवाछपवी चालत नाही, त्याशिवाय धंद्यावर कुणी भरवसा ठेवणार नाही.

मी उभी राहिले. सासऱ्यांनी वळून पाहिलं, पण मला आता बसवणं त्यांच्या हातात नव्हतं. मी आमच्या दखनीत विचारलं, "साब, बेचनेवाले को मालूम, लेनेवाले को मालूम. बीचवालों को कौन बोलता?"

लोक हसले. साहेब हसला नाही. मी त्याला अप्पांची कोकरं सांगितली, आणि अप्पांची अटही जशीच्या तशी सांगितली. तो म्हणाला, कंपनीच्या आवारात कागद चिकटवतो. मी म्हटलं, मेंढके काय कागद वाचत फिरतात? गावात दवंडी द्या. हलगी वाजली की शीव ओलांडणाऱ्यालाही कळतं. आणि आवाज होणार नसेल तेव्हाही द्या. ही दुसरी गोष्ट त्याला पटेना. जे होणारच नाही त्याची दवंडी कशाला?

तेव्हा सासरे उठले. बैठकीत कधी तोंड न उघडणारा माणूस. म्हणाले, "साहेब, पोरगी बरोबर बोलायलीय. गप बसणाऱ्याचा काय भरवसा?"

त्या साहेबानं शब्द पाळला. मेंढरं बसवायच्या दिवसांत गावात हलगी वाजायची आणि दवंडीवाला मराठीत ओरडायचा, "ऐका हो ऐका! आठ दिवस गॅसचा आवाज होणार न्हाई हो!" पोरं त्याच्यामागं "होणार न्हाई हो!" करत नाचायची. जे होणार नाही त्याची दवंडी देणारं आमचंच एक गाव असेल. अप्पा पुन्हा येऊ लागले. शिवेवर कळप थांबवून आधी विचारायचे, "दवंडी झाली का?" मी "झाली" म्हटलं की मगच मेंढरं आत. एकदा "उद्या सकाळी आवाज होणार" अशी दवंडी आली, तर अप्पांनी कळप पलीकडच्या माळावर नेला आणि आवाज थांबल्यावर परत आणला. दोन वर्षं अशी सुखाची गेली.

तिसऱ्या वर्षी ज्वारी निघाली आणि हलगी वाजलीच नाही. मी साहेबाच्या मोबाईलवर फोन लावला. हा नंबर चालू नाही, असं एक बाई मला कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत समजावत राहिली. साहेबाची बदली झाली होती. जाताना त्यानं नव्या माणसाला सगळे व्हॉल्व्ह मोजून दिले असतील, दवंडी तेवढी राहिली. दुसऱ्याच दिवशी दुपारी अप्पा शिवेवर येऊन उभे राहिले. फार थकलेले दिसले. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी.

"बाई, दवंडी झाली का?"

"झाली" म्हणायला काय लागत होतं? नळ महिनाभर गपच होता. बहुतेक पुढंही गप राहिला असता. चार रात्री मला मिळाल्या असत्या. पण कळपात गाभण मेंढ्या होत्या, आणि अप्पा माझ्या एका शब्दावर त्या तिथं बसवणार होते.

"न्हाई झाली, अप्पा."

"बरं केलीस, सांगितलीस," ते म्हणाले.

घरात चला म्हटलं तर कळप सोडून येईनात. मग मी बांधावरच भाकरी आणि अंबाडीची भाजी नेली. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली, पाणी प्यायले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कळप कमठाण्याच्या वाटेला लावला. सासरे पोतं घेऊन मागून धावले. त्या दिवशी अप्पांनी मानापान न करता ते घेतलं.

मी तशीच कुंपणाच्या फाटकावर गेले आणि नव्या साहेबाला असं काही बोलले की पहारेकऱ्यानं मान खाली घातली. साहेबानं माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हलगी वाजली. आठ दिवस आवाज होणार नाही हो. सगळ्या गावानं ऐकलं. कळप तोवर लांब गेला होता, रान मोकळंच होतं.

त्या पावसाळ्यात अप्पा गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला त्या हुकलेल्या चार रात्रींचा राग आहे, अजून आहे, आणि तो कुणावर काढावा हे मला कळत नाही.

पण तेव्हापासून दवंडी एकदाही चुकली नाही. मेंढरं येवोत न येवोत, ज्वारी निघाली की हलगी आमच्या दारापुढं येते आणि दवंडीवाला जरा जास्तच वेळ वाजवतो. सासरे आता ओट्यावरच बसून असतात, कानाला कमी ऐकू येतं. तरी हलगी त्यांना कळते. ते आत तोंड करून मला हाक मारतात, "पोरी, तुझ्या अप्पाला सांगायलेत बग."