इझिद्रे वळेपर्यंत

आमच्या गावात गायेताना नावाची एक मावशी होती, ती गात नसे. बार्सेलोनाहून आलेल्या संगीतकाराला हे तिनं दारातच सांगितलं आणि वर म्हणाली, बूट पुसून आत या.

संगीतकाराचं नाव ओलेगेर. खेडोपाडी हिंडून तो जुनी गाणी वहीत उतरवून घ्यायचा आणि गायकवृंदाकडून बसवून घ्यायचा. आमच्या गावात तो माझ्या पावाच्या भट्टीवरच्या खोलीत उतरला होता, म्हणून माझीही फरपट.

"नांगरताना म्हणायचं गाणं तुम्हाला येतं म्हणे."

"ते इझिद्रेचं. मी पाव-कांदा घेऊन बांधावर बसायचे, एवढंच."

इझिद्रे तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. घरात त्याचं म्हणून हे गाणं तेवढं उरलं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला येत नव्हतं.

"तुमच्यानंतर ते कोण म्हणणार, मावशी?"

"आता मरणही काढा माझं," असं म्हणून ती गायली.

तिसऱ्या ओळीच्या मध्येच ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं उरलेली ओळ म्हणाली. म्हातारीला दम लागला, असं समजून ओलेगेरनं वहीत ते थांबणं धरलंच नाही. शिकलेला माणूस, त्याला कोण विचारणार!

वसंतात चाळीस जणांचा गायकवृंद आमच्या चर्चमध्ये आला. छान गायले. सरपंच रडले, पण ते कशालाही रडतात. तिसरी ओळ आली आणि चाळीसच्या चाळीस जण सरळ पुढे गेले.

मावशी उभी राहिली. "अहो थांबा! तो अजून वळला नाही."

"कोण?" ओलेगेरनं विचारलं.

"इझिद्रे. तिथं शेत संपतं. नांगर उचलायचा, खेचर वळवायचं, मग पुढचं म्हणायचं. तुम्ही तर त्याला दगडी बांधावरच घातलात."

मागे कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं. पाव माझ्याकडूनच नेतो, त्यामुळे लगेच गप्प झाला.

ओलेगेर कानापर्यंत लाल झाला. "किती थांबायचं, मावशी?"

"मी सांगते."

पुन्हा सुरुवात झाली. तिसऱ्या ओळीत चाळीस तोंडं मिटली. ओलेगेरचा हात वरच राहिला. एकजण खोकला. मावशी हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली होती. मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

"हं," ती म्हणाली, "आला. म्हणा आता."