फोन आडवा धरा

आमच्या ऑफिसातल्या शाइस्ताला स्वतःच्या वाक्यांचा भारी अभिमान. अकोल्याची पोरगी, बाप नासिर टेलर, आणि हिची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. अमरावतीच्या फूलबाजारातल्या लोकांनी रोजचा भाव पाठवावा म्हणून आम्ही एक अॅप केलं होतं. त्यातलं मराठी हिचं. मी शेजारच्या टेबलावर बसतो, त्यामुळे तिची बढाई मलाच ऐकावी लागते.

तिनं लिहिलं : ‘फोन आडवा धरा. उजव्या अंगठ्याने फूल डावीकडे सरकवा.’ स्वतःच्या फोनवर करून पाहिलं, जमलं. झालं काम!

बाजाराच्या सोसायटीचे सचिव खुशालराव. छापलेला शब्द म्हणजे त्यांच्या लेखी सरकारी हुकूम. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, म्हणून अॅप उघडलं टेबलावरच्या सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्यांनी दोन हमाल बोलावून मॉनिटर आडवा केला, काचेवर उजवा अंगठा रोवला आणि झेंडू डावीकडे रेटला. झेंडू हलला नाही, मॉनिटर हलला. मग शाइस्ताला फोन.

“बाई, सरकवलं. आता खाली पडून हाय. पुढचं कलम सांगा.”

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. शाइस्ता भडकली. “मी फोन म्हटलं होतं, काका! मॉनिटरले काहून झोपवलं?”

“माह्याजवळ हेच हाय. तुमी इचारलं होतं का?”

आमचे मालक शेखरभाऊ मात्र हसले नाहीत. शनिवारी बाजारातल्या चाळीसच्या चाळीस जणांनी भाव पाठवून दाखवला नाही, तर सोसायटी अॅप परत करणार आणि शाइस्ताला अकोल्याची बस. अडले होते दोघंच : खुशालराव आणि हारवाल्या माणिकबाई. बाईंचं एकच पालुपद, “मले नाई जमत.” हट्टी म्हातारी, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

शाइस्ता दोन दिवस धुसफुसली. तिसऱ्या दिवशी तिनं सगळं खोडून लिहिलं : ‘फूल निवडा. भाव लिहा. पाठवा.’

“एवढ्याचा पगार घेतेस?” मी म्हणालो. तिनं पाण्याची बाटली फेकून मारली.

शनिवारी खुशालरावांनी नव्या मॉनिटरवर ते दोनदा वाचलं. “निवडा. पण कशानं? हे लिवलं नाई.”

“कशानंही, काका. माऊसनं, बोटानं, नाकानं.”

“असं लेखी द्या.”

तिनं कागदावर ‘कशानेही’ लिहून सही केली. त्यांनी त्यावर सोसायटीचा शिक्का मारला, कागद फायलीला लावला, मगच माऊसला हात घातला. भाव गेला.

उरल्या माणिकबाई. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“कशानंही म्हंते का हे?” त्यांनी खुशालरावांना विचारलं.

“शिक्का हाय न त्यावर.”

“मंग आना तो फोन.”

त्यांनी पदराखालून उजवा हात काढला. अंगठा नव्हता. कडबा कापताना कधीचाच गेला होता. करंगळीनं त्यांनी शेवंती निवडली, भाव लिहिला, पाठवला.

“मले वाटलं, अंगठेवाल्या लोकायसाठीच हाय हे,” त्या म्हणाल्या.

शाइस्ताची नोकरी वाचली, पण तिला रडूच फुटलं. मी तिची पाण्याची बाटली भरून आणून दिली. दोन वर्षं मी माणिकबाईंकडून हार घेतो. देवाचा हार डाव्या हातानं देतात म्हणून एकदा मी त्यांना सुनावलंही होतं.