पिठातली कौसामावशी

प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही बर्फ, समुद्र, गेलाबाजार एखादा किल्ला तरी धरून बसला असाल. बसा. मी बीडवरून नांदूरघाटला गेलतो. एसटीनं. तेही उभ्यानं.

आम्ही पत्रकारिता शिकणारी पोरं. सरांनी सांगितलेलं, "एका साध्या माणसाचा फोटो आणा. पुढारी नको, माणूस कामात दिसला पाहिजे." चांगले दहा फोटो कॉलेजच्या हॉलमध्ये लागणार होते. तीन पोरांत एक कॅमेरा, माझ्या वाट्याला एकच शनिवार.

मला नकलांची खोड. गाडीत मागून कंडक्टरच्या आवाजात ओरडलो, "सरका पुढं, पुढं लई जागा हाय!" लोक खरंच सरकले. कंडक्टरनं असं बघितलं, की वाटलं आता मधेच उतरवतो.

नांदूरघाटात उतरून आधी गरम भजी खाल्ली. मग केळीच्या गाड्यावरच्या चाचांकडं कॅमेरा वळवला, तर ते ताठ! हात मांडीला चिकटलेले, नजर समोर.

"चाचा, जरा नेहमीसारखं उभं राहा ना."

"नेहमीसारखाच हाय बेटा. आधार कार्डावर बी असाच हाय."

फोटो न्हाई, पण दोन केळी मिळाली.

पुढं पिठाची गिरणी लागली. आत गिरणीवाल्या कौसामावशी (नाव मागनं कळलं) ज्वारी ओतत होत्या. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. पत्र्याच्या भोकातून ऊन त्यांच्या तोंडावर पडलेलं. मी न विचारताच बटण दाबलं. तेवढ्यात पीठ नाकात गेलं अन् अशी शिंक आली, की मावशींनी वळून बघितलं.

"कावून (कशाला) काढला रे?"

"बीडला कॉलेजात लावायचाय मावशी, पुढच्या शनिवारी."

"आन् असा? थांब."

गिरणी बंद. दळणाला आलेल्या बाया ओरडायला लागल्या, तरी मावशी मागं घरात गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या त्या तोंड धुऊन, जांभळी साडी नेसून, वरून पावडर लावून.

"मावशी, पीठ काय वाईट होतं? पांढऱ्याच्या पांढऱ्याच की!"

"गप. काढ."

मावशी तर केळीवाल्या चाचांपेक्षा ताठ. मग मी गिरणी सुरू होतानाचा आवाज काढला, पट्टा घसरल्यावरची किंचाळी पण. मावशी फिसकन हसल्या. फोटो झाला.

पदर सारखा करत म्हणाल्या, "लग्न असू दे न्हाईतर बारसं, मी आपली मागं. कुणाचं तरी डोस्कं पुढं, माझा नुसता कान दिसतो. एकटीचा हा पहिलाच. हाच लाव. मी बघायला येनार हाय."

"आईशप्पथ मावशी, हाच लावतो," मी मान खाजवत म्हणालो. कुणाची नक्कल न करता, माझ्याच आवाजात.

येताना बसायला जागा मिळाली. बीड येईस्तोवर शिंकत होतो.

सरांनी दोन्ही फोटो बघितले. "साडीतला स्टुडिओतल्यासारखा आहे. हा पिठातला! हा दारासमोर लावायचा."

दारासमोर! एरवी माझं तोंड बंद होत न्हाई, त्या दिवशी झालं. म्हटलं, नांदूरघाटवरून कोण येतंय.

आल्या. तीच जांभळी साडी, सोबत गल्लीतल्या दोन बाया. त्यातली एक फोटो बघून म्हणाली, "अगं कौसे, तोंड तरी धुवायचं!" मावशींनी पदर ओठांवर धरला.

सर कौतुकानं पुढं आले. मावशींनी विचारलं, "साडीतला कुठाय? ह्यानं शपथ घेतलती."

सर माझ्याकडं वळले. "शब्द दिलास अन् मला सांगितलं न्हाईस? जा, तो छापून आण. अन् हा तूच काढ भिंतीवरून."

"सर, पण हा चांगला..."

"त्यांना विचारलं होतंस?"

छापून आणेस्तोवर मावशी फोटोखाली खुर्ची टाकून बसून होत्या. मी स्टुलावर चढून फोटो बदलला. त्यांनी साडीतल्या कौसामावशीकडं पोटभर बघितलं, मग माझ्याकडं. मान खाजवली, अगदी मी खाजवतो तशी.

"आईशप्पथ मावशी, हाच लावतो!"

हुबेहूब. सगळा हॉल हसला, सर पण. मी स्टुलावरच अडकलेलो.

मावशी हसल्या न्हाईत. "दुसऱ्याच्या आवाजात बोलतोस तवा मानसं हसतेत. सोताच्या आवाजात बोललास ते खोटं निघालं. उतर खाली."